बिनसमुद्राचं मीठ

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठच्या रस्त्याला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. समुद्र तिथून चारशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. संध्याकाळी काठावर गर्दी होते. भाजलेल्या कणसावर लिंबू-मीठ चोळलं जातं, चण्यांवर काळं मीठ भुरभुरतं. मीठ कुठून आलं, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. मीठ काय, असतंच.

इथे ते नसतंच. छत्तीसगडच्या शेतात भात आहे, जमिनीखाली कोळसा, लोखंड, बॉक्साइट, चुनखडी आहे. मीठ तेवढं नाही. देशातलं सुमारे तीन चतुर्थांश मीठ एकटा गुजरात पिकवतो, आणि भारताच्या पोटातल्या या प्रदेशाने ते नेहमी कुणाकडून तरी घ्यायचं असतं.

सोडियम सगळीकडे आहे; मीठ सगळीकडे नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बैल, व्यापारी, जकात आणि तुरुंग येऊन बसतात.

०

पृथ्वीच्या कवचात वजनाने अडीच टक्क्यांच्या आसपास सोडियम आहे. बस्तरच्या ग्रॅनाइटमध्येही आहे, फेल्डस्पार नावाच्या खनिजात अडकलेलं. पण दगड उगाळून आमटीला चव येत नाही.

पावसाने दगड झिजतो, सोडियम सुटतं, आणि एकदा सुटलं की थांबत नाही. त्याच्या बहुतेक सगळ्या क्षारांना पाणी दिसलं की विरघळायचंच माहीत. लोह गंजून वाटेतच लाल मुरूम होतं. कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं. सोडियमला बैठक नाही. ते खारुन नदीतून शिवनाथेत जातं, शिवनाथेतून महानदीत, महानदीतून बंगालच्या उपसागरात.

गंमत अशी की समुद्र एकदा इथेच होता. रायपूरखालची चुनखडी शंभर कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी साचली. बलौदाबाजार आणि तिल्द्याचे सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे आहेत. त्या समुद्रातलं कॅल्शियम राहिलं, सोडियम गेलं. मागे राहिलेल्याचं सिमेंट झालं. निघून गेलेल्यासाठी माणसं शतकानुशतकं पायपीट करत राहिली.

जॉन जोली या आयरिश शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये यावरून एक हिशेब मांडला. नद्या दरवर्षी किती सोडियम समुद्रात ओततात ते काढलं, समुद्रात एकूण किती आहे ते काढलं, आणि भागाकार केला. पृथ्वीचं वय आलं नऊ कोटी वर्षांच्या आसपास. खरं वय साडेचारशे कोटींच्या पुढे आहे. जोलीने धरलं होतं की समुद्रात गेलेलं सोडियम परत येत नाही. ते येतं: आटलेल्या समुद्रांच्या थरांत, खाणींतल्या सैंधवात. समुद्राचा जमाखर्च मांडताना त्याने फक्त जमेची बाजू पाहिली. तरीही मला हा भागाकार आवडतो. चुकीच्या उत्तरातही एवढी सुंदर पद्धत क्वचित असते.

०

धातूच्या रूपात सोडियम निसर्गात कुठेच सापडत नाही. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली, तेव्हा ते माणसाला पहिल्यांदा दिसलं. चाकूने कापला जाणारा धातू, पाण्यावर तरंगणारा, ९८ अंशांना वितळणारा. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बघता बघता काळवंडते. म्हणून तो केरोसीनमध्ये बुडवून ठेवतात. बी.एस्सी.ला लासेन टेस्ट केलेल्या प्रत्येकाला ती बाटली, तो चिमटा आणि मास्तरांचा वाढलेला आवाज आठवत असेल.

सोडियमच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो. तो देऊन टाकला की उरलेल्याची मांडणी निऑनसारखी, म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. सगळा दंगा त्या एकाला सोडण्याचा. पाण्यात टाकलेलं सोडियम फुटतं ते हायड्रोजन पेटतो म्हणून, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. २०१५ मध्ये पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना वेगवान कॅमेऱ्याने टिपला. हायड्रोजन पेटण्याआधीच थेंबाला काटे फुटले होते. इलेक्ट्रॉन इतक्या झटक्यात पाण्यात पळतात की मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात आणि थेंब स्वतःच्याच भाराने फुटतो. दोनशे वर्षं सगळे हा प्रयोग करत होते. नीट पाहिला तो आत्ता.

सोडियमचा स्वभाव विचारू नये, सोबत विचारावी. क्लोरीनच्या सोबतीने ते पानात येतं. कार्बोनेट होऊन कपडे धुतं, बायकार्बोनेट होऊन भजी फुलवतं. पापडखारात शिरून उडदाच्या पिठाला लाटण्याजोगं करतं. हायड्रॉक्साइड झालं की कातडी सोलतं. सायनाइड झालं की जीव घेतं. या सगळ्यांत सोडियम एकच.

ज्योतीत मात्र ते सोबत विसरतं. कोणताही क्षार असो, ज्योत पिवळी: ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन जवळजवळच्या रेषा. बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८६० च्या सुमारास दाखवलं की या पिवळ्या रंगाने सोडियमचा अगदी लेशही ओळखता येतो. आपल्या आज्यांनी दृष्ट काढून मीठमोहऱ्या चुलीत टाकल्या तेव्हा तोच पिवळा रंग उसळत होता. तडतड होते ती मिठाच्या खड्यात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन खडा फुटतो म्हणून. तडतडलं म्हणजे दृष्ट लागली होती, हे अनुमान वेगळ्या शास्त्रातलं. निरीक्षण मात्र अचूक होतं.

०

मिठाचा आणखी एक गुण आहे, फारसा कुणी न सांगितलेला. साखर, तुरटी, सोरा ही मंडळी गरम पाण्यात खूप विरघळतात, गारात कमी. दाट गरम द्रावण करा, गार होऊ द्या, स्फटिक आपोआप खाली बसतात. मीठ तसं वागत नाही. शंभर ग्रॅम थंड पाण्यात ते सुमारे ३६ ग्रॅम विरघळतं, उकळत्यात सुमारे ३९. गार करून काही हाती लागत नाही. पाणी उडवावंच लागतं.

पाणी उडवायला ऊन हवं किंवा सरपण हवं, आणि पसरट जागा हवी. म्हणजे आगर हवं, उघड्यावर, लांबून दिसणारं. दिसतं त्यावर पहारा बसतो. पहारा बसतो तिथे कर बसतो. दारू चोरून गाळता येते. मिठागर परसात लपवता येत नाही. राजांना मीठ आवडायचं ते या कारणाने. विद्राव्यतेचा आलेख आडवा असणं ही करवसुलीसाठी केवढी सोय!

कंपनी सरकारने आणि मग राणीच्या सरकारने ही सोय ओळखली. १८६९ मध्ये मिठाची जकातरेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, जवळजवळ २,३०० मैल पसरली होती. बारा हजारांच्या आसपास माणसं तिच्यावर पहाऱ्याला होती. काही टप्प्यांत तर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग लावून जिवंत कुंपण वाढवलं होतं. देशाच्या अंगावर काट्यांची शिवण घातली ती करचुकवं मीठ पलीकडे जाऊ नये म्हणून. १८७९ मध्ये रेषा मोडली. दया आली म्हणून नव्हे. राजपुतान्यातली मिठाची ठिकाणं हातात आली होती; आता कर उगमावरच घेता येत होता.

महानदी उगम पावते ती धमतरीजवळ सिहाव्याला, रायपूरच्या दक्षिणेला. ज्या नदीने इथलं सोडियम समुद्राला नेऊन दिलं, तिचं नाव त्या रेषेच्या शेवटच्या टोकाला यावं, हा योगायोगच. पण चपखल आहे.

कुंपण गेलं तरी अंतर राहिलं. बस्तरच्या आठवडी बाजारात व्यापारी मीठ घेऊन जात आणि आदिवासी त्याच्या बदल्यात चारोळी देत. मापाला माप. आपण बासुंदीवर मोजून चार दाणे टाकतो ती चारोळी. जंगलात हिंडून फळं गोळा करायची, वाळवायची, फोडायची, आणि किलोभर दाण्यांच्या बदली किलोभर मीठ घरी न्यायचं. याला फसवणूक म्हणण्याची पद्धत आहे. ती आहेच. पण फसवणारा आंधळा नव्हता आणि फसणारा मूर्ख नव्हता. चारोळीवाचून माणूस जगतो, मिठावाचून नाही. एवढं कळणारा माणूस तराजूच्या कोणत्या बाजूला उभा राहतो, एवढाच प्रश्न.

आता छत्तीसगडच्या रेशन दुकानातून गरीब कुटुंबांना ‘अमृत नमक’ या नावाने आयोडीनयुक्त मीठ मिळतं. नाव जरा भडक वाटतं. चारोळीचा भाव आठवला की वाटत नाही.

०

एप्रिल १९३०. दांडीला गांधींनी मूठभर मीठ उचललं आणि देशभर कायदा मोडायची लाट आली. कोकणात, गुजरातेत, ओरिसात किनारा होता. शिरोड्याला मिठागरं होती. रायपूरने काय करायचं?

रायपूरने रसायनशास्त्र केलं. पंडित रविशंकर शुक्ल आणि त्यांच्या सोबत्यांनी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडा एकत्र करून मीठ बनवलं आणि तसा कायदा मोडला. हेच शुक्ल पुढे १९५६ मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्या काळी रायपूरच्या चळवळीतल्या पाच पुढाऱ्यांना लोक पांडव म्हणत. त्यातले युधिष्ठिर होते वामनराव लाखे, मराठी घरातले, या भागात सहकाराची चळवळ रुजवणारे. भीम होते महंत लक्ष्मीनारायणदास. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर मराठी माणूस छत्तीसगडात आला, तो प्रथम चौथाई आणि वसुलीच्या बाजूने. जवळजवळ दोनशे वर्षांनी त्याचा वंशज वसुलीच्या विरुद्ध उभा होता. वंशाची परतफेड कधी कधी अशीही होते.

पुन्हा त्या प्रयोगाकडे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आली की क्षार आणि पाणी तयार होतं. आठवी-नववीत हे पाठ असतं. चाळीस ग्रॅम कॉस्टिक सोडा, साडेछत्तीस ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड, हाती येतं साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ आणि अठरा ग्रॅम पाणी. सोडा धुण्याचा घेतला तर वर फेस येतो, कार्बन डायऑक्साइडचा. कॉस्टिक घेतला तर फेस नाही, भांडं तेवढं तापतं. वाट कोणतीही घ्या, शेवट मिठातच.

कायदा मिठागराच्या कल्पनेवर उभा होता. मीठ किनाऱ्यावर होतं, खाणीत होतं, खाऱ्या मातीत होतं, आणि तिथे शिपाई होता. चंचुपात्राचा विचार त्यात कुणी केला नव्हता. काटेकोर पाहिलं तर शाळेच्या प्रयोगशाळेत उदासिनीकरण शिकवणारा प्रत्येक मास्तर विनापरवाना मीठ-उत्पादक ठरला असता. एखाद्या अणूला दुसऱ्याशी संयोग करायला परवानगी लागते, असं म्हणण्यापर्यंत कायदा गेला की तो आतून संपलेलाच असतो.

व्यवहारात हा शुद्ध आतबट्ट्याचा धंदा. आम्ल महाग, सोडा महाग. त्यातून निघालेलं मीठ कर भरून घेतलेल्या मिठापेक्षा कितीतरी पटीने महाग पडलं असणार. पण सत्याग्रहात वस्तूची किंमत बाजार ठरवत नाही, तुरुंग ठरवतो.

आणि यात एक गाठ अशी आहे की ती सोडवताना हसू येतं. त्या काळात हिंदुस्थानात वापरला जाणारा सोडा बहुतांशी विलायतेहून येई. तिथे तो सॉल्व्हे पद्धतीने बनत असे: मीठ, चुनखडी, अमोनिया. मीठ चेशायर परगण्यातलं, जमिनीखालच्या थरांतून उपसलेलं. याच चेशायरचं मीठ लिव्हरपूल बंदरातून एकोणिसाव्या शतकात बंगालच्या बाजारात ओतलं गेलं आणि तिथले मीठ बनवणारे मलंगी देशोधडीला लागले. म्हणजे रायपूरच्या भांड्यात खाली उरलेलं स्वदेशी मीठ बहुधा चेशायरच्या मिठाचाच पुनर्जन्म. सोडियम तेच, परदेशी. मिठाला देशी केलं ते फक्त बनवणाऱ्याने. सॉल्व्हे पद्धतीला लागणारी चुनखडी रायपूरच्या पायाखाली डोंगराएवढी होती. नव्हतं ते मीठ.

रायपूर ज्या प्रांतात होतं त्या मध्य प्रांत-वऱ्हाडात बाकीच्यांनीही आपापल्या परीने वाट काढली. अकोला जिल्ह्यात दहिहंड्याला विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढलं. तो पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. समुद्र तिथूनही लांब, पण भूजल खारट. एरवी हाच पट्टा शेतकऱ्याची डोकेदुखी. काळ्या मातीच्या कणांना सोडियम चिकटलं की माती विस्कटते, तिची छिद्रं बुजतात, पावसाचं पाणी वर साचतं आणि पीक खाली तहानेलं राहतं. उपाय जिप्समचा: त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकतं आणि सोडियम निचऱ्यातून निघून जातं. शिव्या खाणारं ते पाणी १९३० मध्ये उपयोगी पडलं. जिथे तेही नव्हतं तिथे जंगल कायदा मोडला. पुसदला १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांनी गवत कापलं. गवताला मी कमी लेखत नाही. पण रायपूरची युक्ती मला जास्त धीट वाटते. परिस्थितीत मीठ नव्हतं म्हणून रायपूरने विषय बदलला नाही.

०

शरीर हेही बिनसमुद्राचं गाव आहे. रक्ताच्या द्रवात सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलीमोल ठेवावं लागतं; बरंच इकडे-तिकडे झालं की माणूस बरळू लागतो. प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप अखंड चालतो, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये तो ओळखला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, नोबेल मिळवलं. विश्रांती घेत पडलेल्या माणसाच्याही ऊर्जेचा मोठा वाटा या पंपावर खर्च होतो. आत-बाहेर हा भेद टिकवायलाच इतके कष्ट.

मे महिन्यात रायपूर ४५ अंशांच्या आसपास भाजून निघतं. घामावाटे मीठ जातं. छत्तीसगडचा शेतकरी रात्रीचा भात पाण्यात भिजवतो, सकाळी मीठ घालून, कांदा-मिरचीबरोबर खातो: बोरे-बासी. राज्य सरकारने २०२२ मध्ये १ मे हा बोरे-बासीचा दिवस म्हणून साजरा केला तेव्हा शहरी मंडळींनी थट्टाही केली. थट्टा करणाऱ्यांनी ओआरएसच्या पाकिटावरचा मजकूर वाचावा. पाणी, मीठ, आणि सोडियमला आतड्यातून आत नेणारं ग्लुकोज. भाताच्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोजच होतं. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत या मिश्रणाने कॉलऱ्याच्या रोग्यांना वाचवलं, तेव्हा जगाने त्याला औषध म्हटलं. शेताच्या बांधावर त्याला न्याहारी म्हणत आले.

आता उलटी वेळ आली आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. आपण त्याहून बरंच जास्त खातो. ज्यांच्या आज्यांनी चारोळी देऊन मीठ घेतलं, त्यांच्या नातवंडांना डॉक्टर मीठ सोडायला सांगतात. टंचाईने शिकवलेली हाव टंचाई संपल्यावरही शरीरात राहते. ती जायला रेशन दुकानापेक्षा जास्त वेळ लागतो.

०

रायपूरच्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. उदासिनीकरणाचा धडा येईल त्या दिवशी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात धुण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत घाला, लिटमस पाहा, द्रावण बशीत आटवा. तळाशी पांढरे स्फटिक उरतील. ते चाखू देऊ नका. प्रयोगशाळेतलं काहीच चाखायचं नसतं. मात्र समीकरण फळ्यावर लिहून झालं की त्याच्या शेजारी एप्रिल १९३० लिहा, आणि हीच क्रिया याच शहरात केल्याबद्दल माणसं तुरुंगाची तयारी ठेवून उभी होती, हे मुलांना सांगा.